राजर्षी शाहू महाराज : दयेला नियमाचे रूप देणारा राजा

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती आली, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. दोनच वर्षांत दुष्काळ पडला. पाठोपाठ प्लेग आला.

१८९६-९७ च्या त्या दुष्काळात महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, मजुरांसाठी कामे काढली, निराधारांना आश्रय दिला. कामावर येणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी शिशुगृहेही सुरू केली. मजुरी करणाऱ्या आईचे मूल कोणी सांभाळावे, हा प्रश्न राज्याने आपला मानला. दारिद्र्यनिवारणाची त्यांची दृष्टी येथेच दिसून येते.

परंतु एका दुष्काळापुरती मदत पिढ्यान्‌पिढ्यांचे दारिद्र्य हटवू शकत नाही, हे त्यांनी ओळखले. १९०१ पासून कोल्हापुरात विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहू लागली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. खेड्यातल्या मुलाला शहरात राहण्याजेवण्याची सोय नसेल, तर शाळेचे दार उघडे असूनही त्याच्या दृष्टीने ते बंदच असते. निवासी शाळेत शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको.

२६ जुलै १९०२ चा जाहीरनामा तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने बारकाईने वाचावा असा आहे. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हा हुकूम. मात्र महाराज केवळ हुकूम काढून थांबले नाहीत. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, हे त्यात स्पष्ट केले होते. ज्या कचेरीत हे प्रमाण भरलेले नसेल, तेथील पुढची नेमणूक याच वर्गातून करावयाची होती. शिवाय प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीस सादर करावयाचा होता. चांगला नियम बहुधा अंमलबजावणीत मारला जातो, याची जाण या तरतुदीमागे होती.

१९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले; मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. १९१८ मध्ये संपूर्ण कुटुंबाला वेठीस बांधणारी महार वतनाची पद्धत मोडून त्या जमिनी रयतावा करून देण्यात आल्या. त्याच वर्षी, जन्मावरूनच गुन्हेगार ठरविलेल्या जातींची हजेरी बंद झाली. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांसोबत बसविण्यात आले. अस्पृश्यांना समानतेने वागविणे ज्या अधिकाऱ्यास मान्य नसेल, त्याने राजीनामा द्यावा व त्याला पेन्शन मिळणार नाही, असेही बजावण्यात आले.

महाराजांच्या आश्रयाने गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले, आणि महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेत. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांच्या नेतृत्वावर जाहीरपणे विश्वास दर्शविला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. हे सारे हुकूम एका राजाच्या इच्छेवर उभे होते. राजाने दिलेले दुसरा राजा काढून घेऊ शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या संविधानाने २६ जानेवारी १९५० पासून नोकऱ्यांतील राखीव जागांना आधार दिला आणि दुर्बल घटकांच्या शैक्षणिक व आर्थिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यावर टाकली. कृपेची जागा हक्काने घेतली.

म्हणून शिष्यवृत्तीचा किंवा वसतिगृहाचा अर्ज भरताना आपल्या मुलाने मान खाली घालू नये. तो कोणाची दया मागत नसतो. मात्र हक्क कागदावर आला म्हणजे तो घरी पोचलाच, असे नव्हे. किती जागा भरल्या, किती मुलांना लाभ मिळाला, हा तिमाहीचा हिशेब विचारणारा राजा आता नाही. तो हिशेब आता आपणच विचारावयाचा आहे.