नाथ पै
बॅरिस्टर नाथ बापू पै (२५ सप्टेंबर १९२२ – १८ जानेवारी १९७१) हे स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी नेते व संसदपटू होते. प्रजा समाजवादी पक्षाच्या वतीने ते कोकणातील राजापूर लोकसभा मतदारसंघातून १९५७, १९६२ व १९६७ अशा सलग तीन निवडणुकांत विजयी झाले. मूलभूत हक्कांसह राज्यघटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी त्यांनी १९६७ मध्ये मांडलेले खासगी विधेयक 'नाथ पै विधेयक' म्हणून ओळखले जाते. त्यांच्या निधनानंतरही राजापूर मतदारसंघ दीर्घकाळ समाजवादी विचारांच्या पाठीशी राहिला.

प्रारंभिक जीवन

नाथ पै यांचा जन्म तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील (आता सिंधुदुर्ग जिल्हा) वेंगुर्ला येथे झाला. लहानपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. त्यांचे शालेय शिक्षण बेळगाव येथे, तर महाविद्यालयीन शिक्षण पुणे येथे झाले. वेंगुर्ला ही जन्मभूमी आणि बेळगाव ही घडणीची भूमी, असे हे दुहेरी नाते त्यांच्या पुढील राजकारणातही कायम राहिले. संसदेत त्यांनी प्रतिनिधित्व कोकणाचे केले. मात्र बेळगावच्या सीमाप्रश्नापासून ते कधीही अलिप्त राहिले नाहीत.

विद्यार्थिदशेतच ते स्वातंत्र्यलढ्याकडे ओढले गेले. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात त्यांनी भाग घेतला व त्यासाठी तुरुंगवास भोगला. राष्ट्र सेवा दल व काँग्रेसमधील समाजवादी गट यांच्या सहवासात त्यांची राजकीय जडणघडण झाली.

स्वातंत्र्याच्या सुमारास ते कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले आणि लंडनच्या लिंकन्स इन या संस्थेतून बॅरिस्टर झाले. युरोपातील वास्तव्यात त्यांचा तेथील लोकशाही समाजवादी चळवळीशी निकटचा संबंध आला. १९५४ ते १९६० या काळात ते समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. ऑस्ट्रियातील क्रिस्टल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

राजापूर मतदारसंघ

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कोकणाच्या दक्षिण भागाचा समावेश 'रत्नागिरी दक्षिण' या मतदारसंघात होता. तेथून काँग्रेसचे मोरेश्वर दिनकर जोशी निवडून आले. राज्य पुनर्रचनेनंतर १९५७ च्या निवडणुकीसाठी राजापूर हा मतदारसंघ अस्तित्वात आला. डोंगराळ भूभाग, तुटपुंजी भातशेती, आंबा, काजू व मासेमारी यांवर तेथील जीवन अवलंबून होते. उद्योगधंद्यांच्या अभावी घरटी माणूस मुंबईला नोकरीसाठी जात असे आणि चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर गावाकडील संसार चालत. पावसाळ्यात बोटवाहतूक बंद पडली की, घाटरस्त्यांखेरीज दळणवळणाचा मार्ग उरत नसे.

१९५७ ची निवडणूक द्विभाषिक मुंबई राज्याविरुद्धच्या असंतोषाच्या वातावरणात पार पडली. संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, जनसंघ इत्यादी परस्परविरोधी विचारांचे पक्ष एकत्र आले होते. मुंबईत नोकरी करणाऱ्या कोकणी कुटुंबांसाठी मुंबई महाराष्ट्रात असणे हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हता, तर उपजीविकेचाही होता. पश्चिम महाराष्ट्र व कोकणात समितीने मोठे यश मिळविले. राजापूरमधून नाथ पै, तर शेजारच्या रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर लोकसभेवर गेले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यावर समितीचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले आणि तिचे घटक पक्ष विखुरले. १९६२ च्या निवडणुकीत त्याचे परिणाम दिसले. राज्यातील ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या. रत्नागिरीची जागाही शारदा मुखर्जी यांच्या रूपाने काँग्रेसकडे आली. राजापूरमध्ये मात्र नाथ पै पुन्हा विजयी झाले. महाराष्ट्रातून त्या लोकसभेवर निवडून गेलेले ते प्रजा समाजवादी पक्षाचे एकमेव सदस्य होते. १९५७ चा विजय लाटेचा मानला, तरी १९६२ च्या विजयाला ते स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही. मतदारसंघातील सततचा संपर्क, स्थानिक कार्यकर्त्यांचे जाळे आणि त्यांचे वक्तृत्व ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

१९६४-६५ मध्ये समाजवादी चळवळीत पुन्हा फाटाफूट झाली. एस. एम. जोशी यांच्यासारखे ज्येष्ठ नेते संयुक्त समाजवादी पक्षात गेले, तर नाथ पै प्रजा समाजवादी पक्षातच राहिले. पक्ष दुबळा झालेला असतानाही १९६७ मध्ये राजापूरच्या मतदारांनी त्यांना तिसऱ्यांदा निवडून दिले.

संसदीय कार्य

दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या लोकसभेत नाथ पै विरोधी बाकांवर होते. त्यांच्या पक्षाचे लोकसभेतील संख्याबळ १९५७ मध्ये १९, १९६२ मध्ये १२ आणि १९६७ मध्ये १३ इतकेच होते. एवढ्या अल्प संख्येने सरकारचा पराभव करणे शक्य नव्हते. त्यामुळे अभ्यासपूर्ण भाषण, प्रश्नोत्तरांचा तास व खासगी विधेयके हीच त्यांची साधने ठरली. परराष्ट्र धोरण, संरक्षण व घटनात्मक प्रश्न हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. सरकारवर कठोर टीका करतानाही सभागृहाची प्रतिष्ठा जपण्याकडे त्यांचा कटाक्ष असे आणि त्यामुळे सत्ताधारी पक्षातही त्यांच्याविषयी आदर होता.

मतदारसंघाच्या सीमेला लागून असलेल्या गोव्याच्या मुक्तीचा प्रश्न त्यांनी आग्रहाने मांडला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. कोकणात रेल्वे यावी, या मागणीचाही त्यांनी पाठपुरावा केला. महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादात बेळगावसह मराठी भाषक भाग महाराष्ट्रात यावा, अशी त्यांची भूमिका होती.

नाथ पै विधेयक

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निकाल दिला. राज्यघटनेतील मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असे त्यात ठरविण्यात आले. या निकालामुळे जमीन सुधारणांसारख्या सामाजिक कायद्यांच्या भवितव्याविषयी प्रश्न निर्माण झाला. मालमत्तेचा हक्क हा त्या वेळी मूलभूत हक्क होता.

नाथ पै यांनी ७ एप्रिल १९६७ रोजी लोकसभेत खासगी विधेयक मांडले. घटनेच्या ३६८ व्या अनुच्छेदात बदल करून, विहित पद्धतीने कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करावा, असा त्याचा आशय होता. नागरी स्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या नेत्याने असे विधेयक आणल्याने त्यावर तीव्र मतभेद झाले. बहुमताच्या बळावर एखादे सरकार नागरिकांचे हक्कच काढून घेईल, अशी भीती विरोधकांना वाटत होती. घटना ही प्रत्येक पिढीच्या गरजेनुसार बदलता आली पाहिजे आणि तो बदल करण्याचा अंतिम अधिकार निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे असावा, ही नाथ पै यांची भूमिका होती. हक्कांचे खरे संरक्षण जागृत जनमतच करू शकते, असे ते मानत.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठविण्यात आले व त्यावर प्रदीर्घ चर्चा झाली. मात्र ते संमत होण्यापूर्वीच २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. त्याच आशयाची तरतूद सरकारने १९७१ मध्ये चोविसाव्या घटनादुरुस्तीने केली. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. परंतु घटनेची मूलभूत चौकट संसदेला बदलता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. अशा रीतीने नाथ पै यांचा आग्रह आणि त्यांच्या विरोधकांची भीती या दोहोंची दखल अंतिम निकालात घेतली गेली.

निधन

नाथ पै हृदयविकाराने आजारी होते. १७ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ झालेल्या सभेत त्यांनी भाषण केले. त्यानंतर काही तासांतच, १८ जानेवारी रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी लोकसभेची मध्यावधी निवडणूक दोन महिन्यांवर आली होती.

मतदारसंघातील वारसा

मार्च १९७१ च्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाने राजापूरमधून मधु दंडवते यांना उभे केले. इंदिरा गांधी यांच्या नेतृत्वाखालील काँग्रेसने महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या. राजापूर मात्र प्रजा समाजवादी पक्षाकडेच राहिले. संपूर्ण देशात या पक्षाला केवळ दोन जागा मिळाल्या, त्यांपैकी ही एक होती. दंडवते पुढे १९७७, १९८०, १९८४ व १९८९ मध्येही येथूनच विजयी झाले. १९५७ पासून सलग आठ निवडणुकांत या मतदारसंघाने समाजवादी परंपरेतील उमेदवार निवडला. १९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत विजयी झाल्याने ही साखळी खंडित झाली. १९९६ ते २००४ या काळातील चारही निवडणुका शिवसेनेच्या सुरेश प्रभू यांनी जिंकल्या. त्यानंतरच्या पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघ संपुष्टात आला आणि २००९ पासून हा भाग रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात समाविष्ट झाला.

कोकण रेल्वेचे काम १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाद्वारे पूर्ण होऊन जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. मालवण येथील बॅ. नाथ पै सेवांगण ही संस्था तसेच बेळगाव येथील नाथ पै चौक त्यांची स्मृती जतन करतात.