रस्त्यावरचा खराटा

शेंडगावच्या (जि. अमरावती) परटाच्या घरी १८७६ साली जन्मलेल्या देबूजी झिंगराजी जानोरकरांनी १९०५ मध्ये घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर, हाती खराटा. हेच गाडगेबाबा! गावात शिरताच कोणी न सांगता ते रस्ता झाडू लागत. लोकांना वाटे, वेडा आला. (आपल्या आलापल्लीच्या चौकात असा कोणी आला, तर आपण तरी दुसरे काय म्हणू?) रात्री तोच वेडा कीर्तनाला उभा राही. श्रोत्यांनाच प्रश्न विचारी, खदखदून हसवी आणि हसता हसता कर्ज काढून केलेल्या लग्नावर, देवापुढच्या बकऱ्यावर आणून सोडी. पाया पडणाऱ्यास मात्र काठीचा प्रसाद मिळे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, वाटेतच, मोटारीत त्यांनी देह ठेवला.