सोवळे सोडलेली माउली : लक्ष्मीबाई टिळक

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीची ओळख करून द्यावी, असे भगिनींनी सुचविले, तेव्हा माझ्या मनात लक्ष्मीबाई टिळकांचेच नाव आले. ख्रिस्ती धर्म म्हटला की आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ जणींना उमरीचे मिशनचे इस्पितळ आठवते. परंतु तोच धर्म एखाद्या बाईच्या चुलीपर्यंत आणि पाण्याच्या घागरीपर्यंत पोहोचला म्हणजे काय घडते, हे लक्ष्मीबाईंच्या चरित्रात दिसते.

त्यांचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरी सोवळ्याचा कहर होता. वडिलांना विटाळाची इतकी धास्ती, की बाजारातून आलेला जिन्नसही धुतल्याखेरीज घरात घेतला जात नसे. अशा घरातली ही मुलगी अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांची पत्नी झाली. टिळक कवी, विद्वान आणि मनाचे उदार. पण तितकेच रागीट व लहरी. आज येथे, उद्या तेथे, असा त्यांचा संसार चालला. बाईंना अक्षरओळखही पुढे त्यांनीच करून दिली.

आपल्या विदर्भाशीही या जोडप्याचा संबंध आला. टिळक काही काळ नागपुरास होते. तेथून राजनांदगावी जाताना 1893 साली आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. तो वाचता वाचता त्यांचे मन पालटले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाईंवर तर आभाळच कोसळले. नवरा जिवंत असून दुरावला, पदरात लहान मुलगा आणि चहूकडून लोकांचे बोलणे! काही वर्षे त्यांनी पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाने काढली. पुढे पतीच्या ओढीने त्या अहमदनगरास गेल्या. पण धर्म सोडण्यास तयार नव्हत्या. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. हे मला फार महत्त्वाचे वाटते. नवऱ्याने उडी मारली म्हणून बायकोनेही मारावी, असे येथे झाले नाही.

बदल झाला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांना छळू लागला. सर्वांचे जन्म-मरण सारखे, रक्तही सारखे, मग देव भेद कसा करील? असा विचार करता करता त्यांच्या मनातील गाठ सुटली आणि कोणत्याही जातीच्या माणसाच्या हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. म्हणजे आधी घागर मोकळी झाली, मग नाव बदलले. पुष्कळदा याच्या उलट घडते. नाव बदलते आणि घागर तशीच राहते.

यानंतरचे त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच. टिळकांनी हाताला धरून आणलेली गरीब व अनाथ मुले बाईंनी पोटच्या पोरांसारखी वाढविली. नगरला प्लेग आला तेव्हा त्या रोग्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. ज्या घरात जिन्नस धुऊन घेत, तेथील लेक आता ज्यांना कोणी शिवत नसे त्यांच्या उशाशी बसू लागली! टिळकांनी इकडे ख्रिस्ती समाजाला अभंग आणि कीर्तन दिले. परक्या चालींवर भजन करणारी मंडळी ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाची मराठी गाऊ लागली. धर्म नवा, पण भाषा घरचीच राहिली.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला. 9 मे 1919 रोजी ते निवर्तले. बाई खचल्या नाहीत. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेण्याचे काम शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यात नवऱ्याचा राग आहे, उपासमार आहे, फजितीही आहे. पण रडगाणे कोठेच नाही. स्वतःलाच हसण्याची त्यांची हातोटी मराठीत दुर्मिळ आहे. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचे देहावसान झाले.

भगिनींनो, आपणांपैकी बहुतेकींचा धर्म लक्ष्मीबाईंचा नव्हे, आणि तो बदलावा असे मला सुचवायचेही नाही. पण कामाला येणाऱ्या बाईचा पेला अजूनही कित्येक घरांत खिडकीत वेगळा ठेवलेला असतो, हे आपण जाणतो. मंडळात आपण एका सतरंजीवर बसतो. घरी गेल्यावर काय होते, हे ज्याचे त्याला ठाऊक. ज्या देवाला आपण भजतो तो आपल्या माजघरापर्यंत आला आहे की देव्हाऱ्यातच थांबला आहे, हे पाहायचे असेल, तर घरातला तो वेगळा पेला पाहावा. बोरी अरबातील प्रत्येक घरी तो इतर पेल्यांत मिसळला, तर आपल्या मंडळाचे वर्ष सार्थकी लागले, असे मी समजेन.