फेस स्कोअर देणारी ॲप्स आणि इरावती कर्वेंनी मोजलेल्या कवट्या

सेल्फी काढला की चेहऱ्याला मार्क देणारी ॲप्स तुम्ही पाहिली असतील. ॲप चेहऱ्याच्या मधोमध रेघ मारतं, डावी बाजू उजवीशी ताडून बघतं आणि शंभरपैकी आकडा देतं. आकडा कमी आला की मग तेरखेड्यातला कॉलेजचा मुलगा असो की मुंबईतली मुलगी, आरशासमोर तोच प्रश्न: जबडा तिरका आहे का? दात एका बाजूला सरकलेत का? तार लावून घ्यावी का?

चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या असतात का, आणि नसल्या तर त्यातून माणसाबद्दल काही कळतं का, हे जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका मराठी बाईने थेट हाडं मोजून तपासलं होतं. त्यांचं नाव इरावती कर्वे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांची सुरुवात कवट्यांपासून झाली.

नदीचं नाव घेतलेली मुलगी

इरावतींचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातला, म्हणजे आजच्या म्यानमारमधला. वडील गणेश करमरकर तिथे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी ती वाढली. फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञानात पदवी आणि मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम.ए. झालं.

लग्न झालं दिनकर कर्वे यांच्याशी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. इरावतींना पीएचडीसाठी जर्मनीला जायचं होतं. गंमत बघा, बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेल्या सासऱ्यांचा याला विरोध होता. दिनकरराव मात्र पाठीशी उभे राहिले आणि १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या.

उत्तर आधीच ठरलेलं होतं

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोरे युरोपीय लोक बुद्धीने वरचढ, असं फिशर यांचं मत होतं. त्याला जोड म्हणून एक अंदाज होता: वरचढ मेंदूला जागा द्यायला युरोपीय कवटीची एक बाजू जास्त मोठी असणार, म्हणजे त्यांच्या कवट्या जास्त असमान असणार. हे मोजून दाखवायचं काम इरावतींकडे आलं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. काही जर्मनीतल्या, काही आफ्रिकेसारख्या वसाहतींमधून आणलेल्या. निष्कर्ष असा निघाला की डावी-उजवी बाजू थोडी वेगळी असणं हे सगळीकडेच आढळतं. ते सामान्यच आहे. त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही.

परक्या देशात शिकणारी, कर्ज काढून आलेली पंचविशीची विद्यार्थिनी. डिग्री ज्यांच्या हातात, त्यांचाच अंदाज आकड्यांत बसत नव्हता. आकडे जरा वाकवले असते तर मार्क चांगले पडले असते. त्यांनी ते केलं नाही. डिग्री मिळाली, पण खालच्या श्रेणीत. काही वर्षांतच जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि वंशश्रेष्ठत्वाच्या याच विचारांवर कायदे झाले.

मोजणं थांबलं नाही

१९३९ साली इरावती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. तिथून त्या महाराष्ट्रभर फिरल्या, डोक्याची लांबी-रुंदी, नाक, उंची अशी मापं घेत. वि. म. दांडेकर यांच्यासोबत त्यांनी महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांवर १९५१ साली पुस्तक काढलं. एका नावाने ओळखला जाणारा समाजही आतून एकसारखा नसतो, हे त्या मांडत राहिल्या. उदाहरणार्थ, कुंभार म्हटलं की एक जात वाटते, पण आपापसात लग्न न करणारे त्यात अनेक वेगळे गट. 'युगान्त'ला १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७० साली त्या गेल्या.

मग दातांचं काय?

इरावतींनी दातांवर उपचार शोधला नाही. पण कुणाचं तरी माप सगळ्यांवर लादायचं का, हा प्रश्न दातांच्या डॉक्टरांसमोरही आहे.

मूळ हिशोब सोपा आहे. दात हिरडीतून बाहेर येण्याआधीच त्याच्या वरच्या भागाची रुंदी ठरलेली असते. बाहेर आल्यावर तो वाढत नाही. जबडा मात्र वयाप्रमाणे वाढतो. समजा, एका रांगेतल्या दातांच्या रुंदीची बेरीज ७५ मिलिमीटर आहे आणि जबड्यात जागा ७० मिलिमीटर. ५ मिलिमीटर कमी पडली, की दात एकमेकांवर चढतात. उलट झालं तर फटी पडतात.

याला सूत्र मिळावं म्हणून अनेकांनी प्रयत्न केले. १९०९ साली पोंट या फ्रेंच डॉक्टरने वरच्या चार पुढच्या दातांच्या रुंदीवरून जबड्याची कमान किती रुंद असावी याचं गणित मांडलं. पण त्याने मोजलेली तोंडं फ्रेंच लोकांची होती. दुसऱ्या देशांत हे गणित अनेकदा चुकतं. १९५८ साली अमेरिकेत वेन बोल्टन यांनी चांगले जुळलेले दात असलेल्या ५५ जणांवरून खालच्या १२ आणि वरच्या १२ दातांच्या रुंदीचं प्रमाण काढलं: सरासरी ९१.३ टक्के. हे आजही वापरतात. पण ती सरासरी आहे, कायदा नाही.

म्हणून चांगला ऑर्थोडॉन्टिस्ट आधी तुमचंच तोंड मोजतो. साचा किंवा स्कॅन, एक्स-रे, वय, चावण्याची पद्धत, सगळं बघतो. मग ठरतं, कमान रुंदावायची, दात कडेने किंचित घासायचे, की एखादा काढायचा. काढलेला दात परत येत नाही, त्यामुळे मोजमाप आधी आणि निर्णय नंतर.

स्कोअर कमी आला तर

फ्रंट कॅमेरा जवळ धरला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. मान जराशी वळली तरी दोन बाजूंचं गणित बदलतं. त्यामुळे सेल्फीवरून जबड्याचं माप निघत नाही. चावताना त्रास होत असेल, तोंड उघडताना दुखत असेल, दात एकमेकांवर चढून नीट घासता येत नसतील किंवा जबडा एका बाजूला झुकत चालल्यासारखा वाटत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. डॉक्टरने दात काढायचा म्हटलं, तर आपली मापं काय आली आणि जागा किती मिलिमीटर कमी पडते, हे विचारायला लाजू नका.

बाकी थोडं डावं-उजवं सगळ्यांचंच असतं. तेव्हा बाजू असमान असणं श्रेष्ठ ठरवलं जात होतं, आज ॲप बाजू समान असण्याला मार्क देतं. दोन्हीकडे उत्तर आधी ठरलं आणि माप नंतर आलं. इरावतींनी उलट केलं: आधी मोजलं, आणि जे निघालं तेच लिहिलं.