लॅपटॉप घेताना पडणारे दोन प्रश्न आणि त्यातल्या एका प्रश्नात बुडालेला तिरुवन्नामलैचा अ‍ॅडम

घरात लॅपटॉप घ्यायचं ठरलं की काय होतं?

पोरगं किंवा पोरगी कॉलेजला जाणार असते. बाबा बजेट सांगतात. ज्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असा एखादा मामेभाऊ फोनवर गाठला जातो आणि दोन प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न, रॅम ८ जीबी पुरेल का १६ घेऊ? दुसरा प्रश्न, आत्ताच घेऊ का नवीन मॉडेल येईपर्यंत थांबू?

हे दोन प्रश्न आजचे नाहीत. आपला कॉम्प्युटर उचलून दुसरीकडे नेता येतो ही गोष्ट ज्या माणसाने बाजारात पहिल्यांदा खपवून दाखवली, त्याच्या मशीनसमोर गिऱ्हाईक हेच विचारत उभं होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन तो माणूस करोडपती झाला आणि दुसऱ्या प्रश्नाने त्याची कंपनी बसली.

त्याचं नाव अ‍ॅडम ऑस्बॉर्न. नाव इंग्रज असलं तरी गडी वाढला तो तमिळनाडूत, अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी.

अ‍ॅडमचा जन्म ६ मार्च १९३९ चा, बँकॉकमधला. वडील आर्थर ऑस्बॉर्न इंग्रज, आई ल्युसिया पोलंडची. आर्थर बँकॉकच्या विद्यापीठात शिकवायचे, पण मन अध्यात्माकडे ओढलेलं. या ओढीपायी १९४१ साली कुटुंब तिरुवन्नामलैला आलं. तिथे रमण महर्षींचा आश्रम होता. बायको-पोरांची सोय लावून आर्थर नोकरीसाठी परत गेले आणि नेमकं तेव्हाच जपान युद्धात उतरला. आर्थर जपान्यांच्या कैदेत अडकले.

इकडे अ‍ॅडम आणि त्याच्या बहिणी आश्रमाच्या आवारात वाढत होत्या. वडील सुखरूप परत यावेत म्हणून लहानग्या अ‍ॅडमने महर्षींना साकडं घातलं होतं, असं आश्रमाच्या आठवणींमध्ये सांगितलं जातं. युद्ध संपलं आणि आर्थर खरंच परत आले. पुढे त्यांनी रमण महर्षींचं चरित्र लिहिलं, आश्रमाचं मासिक सुरू केलं. महर्षींचं नाव पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्यांमध्ये आर्थर ऑस्बॉर्न यांचं नाव वरचं आहे.

म्हणजे वडील अध्यात्मात, आणि पोरगं मात्र पुढे जाऊन सिलिकॉन व्हॅलीत. तमिळ त्याला मातृभाषेसारखी यायची. शाळेची काही वर्षं त्याने कोडाईकनालला काढली आणि अकराव्या वर्षी तो इंग्लंडला गेला.

बर्मिंगहॅम विद्यापीठातून त्याने १९६१ मध्ये केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, मग अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातून पीएच.डी. केली आणि शेल या तेल कंपनीत कॅलिफोर्नियाला नोकरीला लागला. तिथे त्याची कॉम्प्युटरशी गाठ पडली. पण मोठ्या कंपनीतल्या शिस्तीत हा माणूस बसणारा नव्हता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नोकरी सुटली आणि त्याने धंदा निवडला तो तांत्रिक माहितीपुस्तिका लिहायचा.

ही वेळ भारी होती. मायक्रोप्रोसेसर नुकतेच आले होते. इंजिनिअर आणि हौशी पोरं ते विकत घेत होती, पण ते चालवायचे कसे हे साध्या भाषेत सांगणारं कुणी नव्हतं. ऑस्बॉर्नने मायक्रोकॉम्प्युटरची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. प्रकाशकाने ते नाकारलं, तर त्याने स्वतःच छापलं. हौशी कॉम्प्युटरवाल्यांच्या क्लबच्या बैठकीत तो खोकी घेऊन जायचा आणि पुस्तकं विकायचा. बघता बघता पुस्तकाच्या तीन लाखांहून जास्त प्रती खपल्या. १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिल या बड्या प्रकाशन संस्थेने त्याची अख्खी प्रकाशन कंपनीच विकत घेतली.

सोबत तो मासिकांमध्ये सदर लिहायचा. त्यात कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांची तो सालटी काढायचा. त्याची तक्रार एकच होती. या कंपन्या मशीन विकतात, पण माणसाचं काम त्यावर होतंय का, हे बघत नाहीत.

ही तक्रार समजायला त्या वेळचा बाजार बघायला लागतो. १९८० च्या सुमारास कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे मुख्य मशीन वेगळं, स्क्रीन वेगळी, फ्लॉपी ड्राइव्ह वेगळा. वरून सॉफ्टवेअरचे पैसे वेगळेच. हे सगळं एकमेकांशी जुळेल की नाही याची जबाबदारी गिऱ्हाइकाची.

ऑस्बॉर्नने ठरवलं की सगळं एकाच पेटीत द्यायचं, आणि ती पेटी हातात धरून नेता आली पाहिजे. विमानात सीटखाली बसली पाहिजे.

पुस्तकांमधून आलेला पैसा त्याने यात घातला आणि मशीनची रचना करायला ली फेल्सेनस्टाईन या इंजिनिअरला गाठलं. फेल्सेनस्टाईन म्हणजे त्याच हौशी क्लबच्या बैठका चालवणारा माणूस. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉम्प्युटर मेळाव्यात ‘ऑस्बॉर्न १’ लोकांसमोर आला.

आज त्याचा फोटो बघितला तर हसू येतं. शिलाई मशीनसारखी पेटी, वजन साधारण ११ किलो. झाकण काढलं की तोच कीबोर्ड. मध्ये ५ इंचाची इवलीशी स्क्रीन, दोन्ही बाजूंना फ्लॉपी ड्राइव्ह. स्क्रीनवर एका ओळीत फक्त ५२ अक्षरं दिसायची. पुढचं वाचायचं तर ओळ सरकवायची. आत बॅटरीसुद्धा नव्हती. म्हणजे मांडीवर घेऊन वापरायचा लॅपटॉप हा नव्हेच. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी प्लगला लावायचं मशीन. पण हातात धरून नेता येणारा आणि बाजारात खरोखर खपलेला पहिला कॉम्प्युटर म्हणून मान जातो तो यालाच.

आता येतो रॅमचा प्रश्न.

रॅम म्हणजे काय हे एकदा घरच्या भाषेत समजून घेऊ. हार्ड डिस्क म्हणजे स्वयंपाकघरातलं कपाट आणि रॅम म्हणजे ओटा. कपाटात सामान कितीही भरा, पण एका वेळी काम होतं ते ओट्यावर मावेल तेवढ्याच भांड्यांचं. ओटा लहान असेल तर सारखं काढा आणि सारखं ठेवा.

‘ऑस्बॉर्न १’ चा ओटा होता ६४ केबीचा. आजचा ८ जीबी रॅमवाला लॅपटॉप घेतला तर त्यात असे १ लाख ३१ हजार ओटे बसतील. पण तेव्हा ६४ केबी ही चैन होती. त्यातला झेड-८० हा प्रोसेसर थेट ६५,५३६ बाइट्सच ओळखू शकत होता. म्हणजे बरोब्बर ६४ केबी. बाकीच्या अनेक कंपन्या कमी मेमरी घालून मशीन स्वस्त दाखवायच्या आणि मग गिऱ्हाइकाला वाढीव मेमरी विकायच्या. ऑस्बॉर्नने पहिल्याच दिवशी प्रोसेसरला झेपेल तेवढी सगळी मेमरी भरून दिली.

त्याचा हिशोब साधा होता. लोकांना जगातलं सगळ्यात भारी मशीन नकोय, कामाला पुरेल असं मशीन हवंय. पत्र टाइप झालं पाहिजे, धंद्याचा हिशोब झाला पाहिजे, बास.

आणि तेवढं काम पहिल्या दिवसापासून व्हावं म्हणून त्याने मशीनसोबत वर्डस्टार आणि सुपरकॅल्क ही सॉफ्टवेअर फुकट दिली, बेसिक भाषाही दिली. नुसत्या सॉफ्टवेअरची बाजारातली किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास होती. सॉफ्टवेअरवाल्यांना त्याने रोख पैशांबरोबर कंपनीत शेअर देऊन पटवलं होतं. सगळं मिळून किंमत ठेवली १,७९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १५-१६ हजार रुपये.

लोक तुटून पडले. पत्रकार, छोटे धंदेवाले, हिशोबनीस, लेखक. पहिल्या आठ महिन्यांत ११ हजार मशीन गेली आणि पुढे महिन्याला १० हजारांपर्यंत मजल गेली. दोन वर्षांपूर्वी अस्तित्वात नसलेली कंपनी सिलिकॉन व्हॅलीत सगळ्यात वेगाने वाढणाऱ्यांपैकी एक झाली.

आणि इथेच कहाणीत दुसरा प्रश्न घुसला. आत्ता घेऊ का थांबू?

१९८२ मध्ये कायप्रो नावाचं मशीन आलं. किंमत ऑस्बॉर्नच्याच पट्ट्यात, पण स्क्रीन ९ इंचाची. ज्यांचे डोळे ५ इंचाच्या काचेला कंटाळले होते ते तिकडे वळले. वर्षाच्या शेवटी कॉम्पॅकने आपला पोर्टेबल कॉम्प्युटर जाहीर केला. महाग होता, पण आयबीएमचं सॉफ्टवेअर त्यावर चालायचं आणि सगळा बाजार आयबीएमकडे सरकत होता.

ऑस्बॉर्नकडेही उत्तर तयार होत होतं. ‘एक्झिक्युटिव्ह’ नावाचं नवीन मॉडेल. स्क्रीन ७ इंच, एका ओळीत पूर्ण ८० अक्षरं, रॅम १२४ केबी, किंमत २,४९५ डॉलर. १९८३ च्या सुरुवातीला, मशीन दुकानात पोहोचायच्या कितीतरी आधी त्याची माहिती बाहेर गेली.

दुकानदारांनी काय केलं असेल? आपण करतो तेच. नवीन येतंय ना, मग जुनं कशाला घ्यायचं? जुन्या मॉडेलच्या ऑर्डरी रद्द व्हायला लागल्या. नवीन मशीन विकायला तयार नाही आणि जुनं कुणी घेत नाही. गोदामात माल पडून आणि पगाराला पैसा नाही. जुन्या मॉडेलची किंमत उतरवली, तरी वेळ निघून गेली होती. नवीन भांडवल उभं करायचे प्रयत्नही फसले. शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तेव्हापासून धंद्याच्या पुस्तकांत एक शब्द कायमचा बसला, ऑस्बॉर्न इफेक्ट. नवीन मालाची घोषणा वेळेआधी करून स्वतःच्याच चालू मालाचा खप मारणं.

अर्थात सगळं खापर एका घोषणेवर फोडणं बरोबर नाही. कायप्रो आणि कॉम्पॅकचा मार होताच. कंपनी इतक्या वेगाने वाढली होती की मालाचा आणि पैशाचा ताळमेळ नीट राहिला नव्हता. घोषणेने फक्त शेवटचा धक्का दिला, असं मानणारेही बरेच आहेत.

पण अ‍ॅडम गप्प बसणारा नव्हता. १९८४ मध्ये त्याने पेपरबॅक सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. डोक्यात पुन्हा तेच गणित. जाड बांधणीचं पुस्तक महाग असतं, पण तोच मजकूर स्वस्त आवृत्तीत मिळतो, मग सॉफ्टवेअर का नाही? तेव्हा लोटस १-२-३ हे हिशोबाचं सॉफ्टवेअर ४९५ डॉलरला विकलं जायचं. ऑस्बॉर्नने तसंच चालणारं व्हीपी-प्लॅनर ९९ डॉलरला काढलं.

१९८७ मध्ये लोटसने खटला भरला. म्हणणं असं की आमच्या सॉफ्टवेअरमधले मेनू आणि आज्ञांची रचना तुम्ही उचलली. खटला तीन वर्षं चालला, गिऱ्हाइकं आणि गुंतवणूकदार बिचकले. १९९० मध्ये निकाल ऑस्बॉर्नच्या कंपनीच्या विरोधात गेला आणि त्याने कंपनी सोडली. गंमत बघा, १९९५ मध्ये लोटसने बोरलँड कंपनीवर केलेल्या अशाच खटल्यात अमेरिकेच्या अपील कोर्टाने सांगितलं की मेनूतल्या आज्ञांवर कॉपीराइट लागत नाही. पण तोवर उशीर झाला होता.

कारण तोवर अ‍ॅडमची तब्येत ढासळली होती. मेंदूला एकामागून एक झटके आले. १९९२ मध्ये तो भारतात परतला, कोडाईकनालला, बहिणीकडे. जिथे लहानपणी शाळेत गेला तिथेच. १८ मार्च २००३ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, तिथेच त्याचं निधन झालं. बंगळुरूच्या आयटीचा जगभर बोलबाला असताना, तिथून काही तासांच्या अंतरावर हा माणूस शांतपणे गेला.

आता पुन्हा आपल्या दोन प्रश्नांकडे.

रॅम किती? अ‍ॅडमचं उत्तर आजही चालतं, कामाला पुरेल एवढी. टायपिंग, ऑनलाइन क्लास, बँकेची कामं यांना ८ जीबी चालते. व्हिडिओ एडिटिंग किंवा जड सॉफ्टवेअर असेल तर १६ बघा. पण त्याआधी दुकानदाराला एक गोष्ट नक्की विचारा, रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे का स्लॉटमध्ये बसवलेली? सोल्डर केलेली असेल तर ती पुढे वाढवता येत नाही, त्यामुळे लागेल तेवढी घेतानाच घ्या. स्लॉट मोकळा असेल तर आज ८ वर भागवून दोन वर्षांनी वाढवता येते. मात्र डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, आणि मशीन जास्तीत जास्त किती रॅम घेतं हेही आधी बघावं लागतं.

आणि थांबायचं का? नवीन मॉडेल कायमच येत असतं. १९८३ मध्येही येत होतं. काम आज अडलं असेल तर आज घ्या. नाहीतर थांबणाऱ्यांच्या रांगा कधी संपत नाहीत, आणि त्या रांगेने एकदा अख्खी कंपनी संपवली आहे.