लोकमान्य टिळक आणि उत्सवाचा मांडव

श्रावण सरत आला की महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी कुटुंबांत गणेशोत्सवाच्या तयारीस प्रारंभ होतो. ग्वाल्हेर असो, इंदूर असो, बडोदे असो वा बेळगाव, दहा दिवस मराठी माणूस एका मांडवाखाली येतो. आणि त्या मांडवाच्या आसपास अन्य भाषा बोलणारी व अन्य धर्म पाळणारी माणसेही राहत असतात. या उत्सवाचे सार्वजनिक रूप ज्यांच्या नावाशी जोडले गेले आहे, त्या लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे चरित्र आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तथापि त्या चरित्रातील एक धागा सहसा वेगळा काढून पाहिला जात नाही. अनेक धर्मांच्या व अनेक जातींच्या या देशात भर रस्त्यावर उत्सव करावयाचा, तर त्यात कोणास जागा मिळते आणि कोण बाहेर राहतो, हा प्रश्न टिळकांपुढे सत्तावीस वर्षे पुन्हा पुन्हा उभा राहिला. त्याचीच ही हकीकत आहे.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक असून संस्कृत व गणित या दोन्ही विषयांत त्यांची चांगली गती होती. १८६६ मध्ये हे कुटुंब पुण्यास आले. त्याच सुमारास आई पार्वतीबाई निवर्तल्या आणि सोळाव्या वर्षी पितृछत्रही हरपले. डेक्कन कॉलेजात बी. ए. व पुढे एल्एल. बी. होऊनही टिळकांनी सरकारी नोकरी पत्करली नाही. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासमवेत न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही दोन पत्रे निघाली. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली आगरकरांसह त्यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. १८९० मध्ये त्यांनी शिक्षणसंस्थेचा राजीनामा दिला आणि त्यांचे सर्व लक्ष वृत्तपत्रे व लोककार्य यांकडे वळले.

त्या काळच्या पुण्यात रस्त्यावरचा मोठा उत्सव म्हणजे मोहरम होय. पेशवाईत शनिवारवाड्यात गणपतीचा उत्सव थाटाने होत असे. पण १८१८ नंतर तो आश्रय गेला आणि गणपती बहुतांशी घराघरांतच राहिला. मोहरमच्या ताबुतांत मात्र हिंदूही हौसेने सामील होत. कोणी नवस फेडण्यासाठी फकीर बनत, कोणी वाघाचे सोंग घेत, कित्येक पेठांतले हिंदू स्वतःचे ताबूत बसवीत. ही चाल एकट्या पुण्याची नव्हती. होळकर व शिंदे या मराठा संस्थानिकांनी इंदुरास आणि ग्वाल्हेरीस ताजियाला राजाश्रय दिला होता. राजा ज्या धर्माचा, त्याच धर्माचा उत्सव सरकारी, असा नियम त्या दरबारांनी मानला नव्हता.

१८९३ साली या परिस्थितीस जबर धक्का बसला. काठेवाडात प्रभासपाटण येथे मोहरमच्या दिवसांत दंगा झाला, आणि त्याचे लोण मुंबईस पोहोचून ११ ऑगस्टला तेथे भयंकर दंगल उसळली. अनेक दिवस शहर धुमसत होते आणि दोन्ही समाजांची माणसे प्राणास मुकली. सरकार पक्षपात करीत आहे, असे टिळकांचे मत झाले व ते त्यांनी ‘केसरी’तून रोखठोकपणे मांडले. त्याच सुमारास पुण्याचे कृष्णाजीपंत खासगीवाले ग्वाल्हेरीस गेले होते. तेथील दरबारी गणेशोत्सवाचा सार्वजनिक थाट पाहून असा उत्सव पुण्यात का नसावा, हा विचार त्यांच्या मनात आला. परत आल्यावर त्यांनी तो भाऊसाहेब रंगारी प्रभृती मित्रांपुढे ठेवला. अशा रीतीने सार्वजनिक गणपतीच्या कल्पनेचे एक मूळ ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींच्या उत्सवात आहे, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्यांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. टिळक हे या उत्सवाचे पहिले कल्पक नव्हेत. मात्र त्यात केवढे सामर्थ्य आहे हे त्यांनी सर्वांआधी ओळखले, आणि ‘केसरी’च्या बळावर तो गावोगाव नेला. १८९४ मध्ये त्यांनी स्वतः विंचूरकर वाड्यात गणपती बसविला.

या उत्सवाने जे साधले ते थोडेथोडके नव्हते. काँग्रेसच्या सभेस वकील, शिक्षक व पदवीधर येत. गणपतीच्या मांडवात तालमीतला पहिलवान, पेठेतला तेली, साळी, माळी आणि शास्त्री एकत्र दिसू लागले. मुलांचे मेळे निघाले, पदे रचली गेली, कीर्तने व व्याख्याने झाली, आणि अनंत चतुर्दशीस एकेकाचे विसर्जन न होता सर्वांची मिळून मिरवणूक निघू लागली. धार्मिक बाबींत हात घालावयाचा नाही, असे सरकारचे जाहीर धोरण असल्याने या मांडवात देशस्थितीची चर्चाही करता येत होती. ज्यांना इंग्रजी येत नव्हते, अशा हजारो लोकांस सार्वजनिक कार्याचे पहिले शिक्षण येथेच मिळाले.

पण चरित्र लिहिताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. हिंदूंनी मोहरमात भाग घेऊ नये, असा प्रचार त्याच वेळी सुरू झाला. काही मेळ्यांच्या पदांतून तो उघडपणे केला जाई. १८९४ च्या मोहरमात पुण्यातील बहुतेक हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरविली, आणि त्याच वर्षीच्या गणेशोत्सवात मशिदीवरून मेळा वाजतगाजत जाण्यावरून दारूवाला पुलाजवळ दंगा झाला. एका उत्सवाने जातीजातींतले अंतर कमी केले आणि त्याच उत्सवाने शेजाऱ्याशेजाऱ्यांतले अंतर वाढविले, ही दोन्ही विधाने खरी आहेत. ज्या ताबुतापुढे कालपर्यंत हिंदू तरुण नाचत होते, तेथे दुसऱ्या वर्षी ते दिसले नाहीत. आणि जी जवळीक अनेक पिढ्यांनी जोपासली होती, ती परत आणणे पुढे कोणासही सोपे गेले नाही.

१८९५ मध्ये टिळकांनी रायगडावरील शिवाजी महाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी फंड उभारण्यास प्रारंभ केला आणि एप्रिल १८९६ मध्ये गडावर पहिला उत्सव झाला. त्यापूर्वीच, १८९५ च्या डिसेंबरात, पुण्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले. काँग्रेसच्या मंडपातच सामाजिक परिषद भरविण्याची रूढी होती. तीस टिळकपक्षाने विरोध केला आणि न्यायमूर्ती रानडे यांना परिषद अन्यत्र न्यावी लागली. सामाजिक वादामुळे राजकीय एकी फुटू नये, अशी टिळकांची भूमिका होती. तथापि स्त्रिया व मागासलेल्या जाती यांच्या प्रश्नांस त्या मंडपात जागा उरली नाही, हेही तितकेच खरे.

१८९७ साल उजाडले ते प्लेगचे संकट घेऊन. घरोघरच्या तपासण्यांत सोजिरांनी केलेल्या जुलुमामुळे पुणे संतापले होते. १२ जूनपासून शिवाजी उत्सव झाला, आणि २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव सरकारने साजरा केला. त्या रात्री गणेशखिंडीतून परतताना प्लेग अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. उत्सवातील भाषणे व ‘केसरी’तील लेख यांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्यांना जामीन दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. पुढे सहा युरोपीय ज्युरर विरुद्ध व तीन हिंदी ज्युरर बाजूने, अशा मताने ते दोषी ठरले आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ते १८९८ च्या सप्टेंबरात, मुदतीपूर्वी, सुटले.

यानंतर शिवाजी उत्सव बंगालपर्यंत पोहोचला. तेथे तो रुजविण्यात सखाराम गणेश देऊस्कर यांचा वाटा मोठा होता. हे देवघरकडे वसलेल्या मराठी घराण्यातले, पण बंगालीत लिहिणारे ग्रंथकार. जून १९०६ मध्ये टिळक कलकत्त्यास या उत्सवासाठी गेले, तेव्हा तेथे भवानीच्या मूर्तीची पूजा करण्यात आली. ती ब्राह्मसमाजी मंडळींस रुचली नाही आणि मुसलमान बांधवही दूर राहिले. ज्यास राष्ट्रीय उत्सव म्हणावयाचे त्यात एका पंथाची पूजा असावी काय, हा आक्षेप टिळकांनी ऐकून घेतला. त्याच महिन्यात ‘मराठा’ पत्रात त्यांनी आपली भूमिका मांडली. महाराजांचा लढा अन्यायाशी होता, मुसलमान धर्माशी नव्हता. आता दोन्ही समाजांवर एकच सत्ता असल्याने तो जुना विरोध उगाळण्यात अर्थ नाही. आणि उद्याचा असा पुरुष हिंदुस्थानच्या कोणत्याही प्रांतात, कदाचित मुसलमान कुळातही, जन्मास येईल, असा त्या लेखाचा आशय होता. १८९४ च्या ‘केसरी’तून हे लिहिले गेले असते, असे वाटत नाही. बारा वर्षांत टिळकांचा विचार पुष्कळ पुढे आला होता.

१९०८ मध्ये पुन्हा राजद्रोहाचा आरोप आला. जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले. तो नामंजूर झाला. २२ जुलैच्या रात्री, म्हणजे बावन्नाव्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येस, सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. तेथेच १९१२ मध्ये त्यांना पत्नी सत्यभामाबाई यांच्या निधनाची वार्ता कळली. इकडे गणेशोत्सवातील मेळे व पदे यांवर सरकारने कडक निर्बंध घातले होते. जून १९१४ मध्ये ते सुटून पुण्यास आले.

यापुढचा काळ आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथील प्रांतिक परिषदेच्या वेळी त्यांनी होमरूल लीगची स्थापना केली. जुलैत त्यांच्या एकसष्टीनिमित्त पुण्यात लोकांनी एक लाख रुपयांची थैली अर्पण केली, आणि त्याच सुमारास बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांबद्दल जामीन देण्याची नोटीसही आली. याही वेळी जीना त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. पुढच्याच महिन्यात लखनौ येथे काँग्रेस व मुस्लिम लीग यांच्यात करार झाला. संयुक्त प्रांतात मुसलमानांस लोकसंख्येच्या मानाने अधिक, म्हणजे शेकडा ३० जागा मिळाल्या. उलट बंगालमध्ये त्यांनी संख्येच्या मानाने कमी, म्हणजे शेकडा ४० जागा स्वीकारल्या. हिंदू पुढाऱ्यांपैकी मदनमोहन मालवीयांसारख्यांचा या कराराला विरोध होता. टिळकांनी तो निश्चयाने पार पाडला. स्वतंत्र मतदारसंघ मान्य करण्यात चूक झाली, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला, आणि पुढील इतिहास पाहता तो विचारात घेण्याजोगा आहे. परंतु ज्यांच्यावर एकाच समाजाचे पुढारी असल्याचा ठपका होता, त्यांनीच स्वसमाजाचा रोष पत्करून दुसऱ्यास जागा दिली, याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

एक जागा मात्र अपुरीच राहिली. मार्च १९१८ मध्ये मुंबईस महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. टिळकांनी तेथे अस्पृश्यतेचा कडक शब्दांत निषेध केला, पण ती व्यक्तिशः न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रकावर सही केली नाही. या विषयात ते बोलण्यापर्यंत आले आणि कृतीपाशी थांबले.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात टिळकांचे देहावसान झाले. पावसात लक्षावधी माणसे रस्त्यावर आली. तिरडीस महात्मा गांधींनी खांदा दिला आणि मौलाना शौकत अली यांनीही दिला. विशेष परवानगीने चौपाटीच्या वाळूवर अग्निसंस्कार झाला. ज्या शहरात सत्तावीस वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यातच हिंदू व मुसलमान एकमेकांचे रक्त सांडत होते, त्याच शहरात ऑगस्टच्या त्या दिवशी दोघेही एका प्रेतयात्रेत चालत होते.

टिळकांनी आपल्या हाती उत्सवाचे जे साधन दिले, ते फार प्रभावी आहे. म्हणूनच ते जपून वापरावयाचे आहे. त्याने दुरावलेल्या जाती जवळ आल्या, आणि त्यानेच शेजारी दुरावलेही. स्वतः टिळक १८९४ च्या ठिकाणी थांबले नाहीत. १९०६ व १९१६ मध्ये ते पुढे गेले. आपण मात्र कित्येकदा त्यांचा प्रारंभच तेवढा स्मरतो. मिरवणुकीचा मार्ग आखताना, वाद्यांची वेळ ठरविताना, पदे व व्याख्याने निवडताना आणि आरतीच्या पहिल्या रांगेत कोणास बोलवावयाचे हे ठरविताना प्रत्येक कार्यकारी मंडळाने त्यांचे संपूर्ण चरित्र डोळ्यांपुढे ठेवावे, एवढीच सभासद बंधुभगिनींस विनंती आहे.