सावेदादा : पहिले वार्तापटकार
गणपतीच्या मिरवणुकीचे चित्रण आज घरोघरी मोबाइलवर होते. ही वाट आपल्याकडे प्रथम चालले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावेदादा. मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या सावेदादांनी १८९६ साली ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे पाहिली आणि पदरच्या पैशाने लंडनहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती त्यांनी टिपली. फिल्म धुवायला लंडनला पाठवली. चित्रण साधले की फसले, हे ती परत आल्यावरच कळणार! डिसेंबर १९०१ मध्ये सीनियर रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचे स्वागतही त्यांनी टिपले. १९५८ साली सावेदादा गेले. त्यांच्या त्या फिती आज पाहायला मिळत नाहीत. आपल्या घरातल्या तरी जपू या.